जबड्यावरचे चौकोन

जळालेल्या केसांचा वास मला लहानपणापासून सहन होत नाही. माझं माहेर लातूरचं, लिंगायत, घरात अंडंसुद्धा न शिजणारं. शाळेच्या वाटेवर खाटकाची दोन दुकानं होती आणि रविवारी सकाळी तिथं दारातच बकऱ्याची मुंडी भाजत. क्लासला जाताना मी नाकाला रुमाल लावून तेवढा रस्ता पळत काढायचे. पुढं लग्न होऊन नांदेडला आले, पार्लरचा कोर्स केला, चार-पाच वर्षं घरातल्या घरात थ्रेडिंग-फेशियल केलं आणि एकतिसाव्या वर्षी नोकरी धरली ती अशी, की दिवसभर तोच वास नाकात. फक्त बकऱ्याच्या जागी माणसं होती.

नोकरी एका स्किन क्लिनिकमधली. खाली औषधांची दुकानं, वर काचेचं दार, आत एसी आणि भिंतीवर एका गोऱ्या परदेशी बाईचा मोठा फोटो. तिच्या अंगावर एक लव नव्हती. आमच्याकडं येणाऱ्या बाया आत आल्या की आधी त्या फोटोकडं बघत, मग स्वतःच्या हाताकडं.

क्लिनिक ज्यांचं होतं त्यांना आम्ही सर म्हणायचो. ते डॉक्टर होते, पण कातडीचे नव्हते. हे मला खूप उशिरा कळलं, कारण पाटीवर नावापुढं इतकी अक्षरं होती की त्यातलं कुठलं कशाचं हे विचारायचं धाडस होत नसे. त्यांचं दुसरं क्लिनिक लातूरला. आठवड्यातले तीन दिवस ते तिकडं, तीन दिवस नांदेडला. ते नसतील त्या दिवशी केस काढायचं लेसर मशीन मी चालवायची.

शिकायला मला लातूरला पाठवलं होतं, चार दिवस. माहेरी राहायला मिळतंय म्हणून मी खुशीत होते. मशीन विकणाऱ्या कंपनीचा एक माणूस यायचा आणि दाखवायचा. आधी केस ब्लेडनं साफ करायचे, मग थंड जेल लावायचं, पेशंटच्या आणि आपल्या डोळ्यांवर चष्मे, मग मशीनच्या हातात धरायच्या हँडपीसचं चौकोनी तोंड कातडीवर टेकवून पायाखालचं बटण दाबायचं. टक्, टक्, टक्. मशीनच्या पडद्यावर कातडीचे सहा रंग होते, एक म्हणजे दुधासारखा गोरा, सहा म्हणजे एकदम काळा. पेशंटचा रंग बघून त्यातला एक निवडायचा, म्हणजे किती ताकदीचा उजेड सोडायचा ते मशीन ठरवतं. मी विचारलं, रंग ओळखायचा कसा? सर शेजारीच उभे होते. ते म्हणाले, आपल्याकडं सगळे चारच. चार टाकत जायचं.

चार दिवसांत मी मशीन शिकले. कातडीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, आणि मलाही ते खटकलं नाही.

पहिले सात-आठ महिने बरे गेले. शिक्षिका यायच्या, नर्स यायच्या, लग्न ठरलेल्या मुली यायच्या. काखा, पाय, ओठांच्या वरची लव. मुंगी चावल्यासारखं वाटतं, काही होत नाही, हे वाक्य मी दिवसातून दहादा म्हणायचे. कुणाला दोन दिवस लाली राहायची, कुणाला खाज यायची, ती आपोआप जायची. नायगावची एक बाई मात्र तिसऱ्या वेळी आली तेव्हा तिच्या काखेत काळे पट्टे उमटलेले होते. सर म्हणाले घामानं झालंय, पावडर लावा. ती पुन्हा आली नाही. आणि जी येत नाही तिचं चांगलं झालं असणार, असं आम्ही धरून चालायचो. आज हे लिहितानाही मला स्वतःची शिसारी येते.

ती मुलगी हिमायतनगरकडची. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. आईला घेऊन आली तेव्हा हळद काढणीचे दिवस नुकतेच संपले होते आणि ती कॉलेजला दांडी मारून महिनाभर शेतात राबली होती. तोंड उन्हानं रापलेलं. गालाच्या खालून हनुवटीपर्यंत राठ काळे केस, बायकांना असतात त्यापेक्षा पुष्कळ जास्त. पाळी दोन-दोन महिने येत नाही असंही आई आपणहून बोलून गेली. मी ते कागदावर लिहून घेतलं नाही, कारण कागदावर तसा रकानाच नव्हता.

लग्न ठरलेलं होतं, चोवीस दिवस उरले होते. बघायच्या कार्यक्रमात मुलाच्या आईनं तिची हनुवटी दोन बोटांत धरून खिडकीकडं वळवली होती आणि सगळ्यांसमोर म्हटलं होतं, हे काढून घ्या म्हणजे झालं. भाजीवाल्याकडचं वांगं फिरवून बघतात तसं. हे मुलीनंच मला सांगितलं, ब्लेड फिरवताना, डोळे मिटून, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगतेय.

तिच्या गालाची कातडी मला पातळ वाटली. खाली लाल बारीक शिरा दिसत होत्या. काय लावतेस म्हणून विचारलं तर म्हणाली, मेडिकलमधून गोरं व्हायची एक ट्यूब आणते, दोन वर्षं झाली लावून राहिले. मी ‘बरं’ म्हटलं. ट्यूबचं नाव विचारण्यासारखं काही आहे हे मला माहीतच नव्हतं.

त्या दिवशी सर लातूरला होते. दुपारी लाईट गेली, जनरेटरवर मशीन चालू राहिलं पण एसी बंद. हँडपीसचं तोंड एरवी बर्फासारखं गार असतं. त्या दिवशी ते कोमट लागत होतं. त्यातलं पाणी बदलायला झालंय, हे मी आधी दोनदा सांगून बसले होते. मी सरांना फोन लावला. म्हटलं, थंड होत नाहीये, आणि मुलगी सावळी आहे, उन्हातून आलीय, दोन-चार दिवसांनी बोलवू का? ते म्हणाले, जेल जास्त लाव. मग म्हणाले, लग्नाची पोरगी आहे, एका बैठकीत फरक दिसला पाहिजे, ताकद दोन पॉइंट वाढव.

मी वाढवले.

उजव्या बाजूनं सुरुवात केली. तिसऱ्या-चौथ्या टक्‌ला ती हलली. ती म्हणाली, “ताई, भाजून राहिलंय.”

“थोडं सोसा,” मी म्हटलं. “झालंच आता.”

तिनं सोसलं. हे मला सगळ्यात जास्त आठवतं, की तिनं एकदाच सांगितलं आणि मग बाकाच्या कडा धरून गप्प राहिली. मी पूर्ण जबडा केला, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. वास नेहमीसारखा नव्हता. केस जळतात तेव्हा एक कोरडा, खरपूस वास येतो. त्या दिवशी त्यात काहीतरी ओलं होतं. मला ते कळलं. हातानं हँडपीस सोडला नाही, बटणावरचा पायही थांबला नाही. जेल पुसलं तेव्हा खाली लालभडक चौकोन होते, फरशा बसवल्यासारखे ओळीनं. मी आईला म्हटलं, लाली आहे, संध्याकाळपर्यंत उतरेल. जाताना त्या माउलीनं पिशवीतून ओल्या हळकुंडांची पुडी काढून मला दिली. घरची हाय, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. पाठोपाठ फोटो. चौकोनांवर पाण्याचे फोड आले होते. उजव्या बाजूला सहा, डावीकडं तीन-चार. एक फुटला होता आणि खालचं गुलाबी मांस दिसत होतं. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. पोळी तव्यावर होती, ती तशीच जळाली.

फोटो सरांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, कोरफडीचं जेल लावायला सांग, उन्हात गेली असेल. मग लगेच दुसरं, फोटो डिलीट कर. मी मुलीच्या आईला कोरफडीचं सांगितलं. दोन दिवस त्यांनी तेच लावलं. ते दोन दिवस माझ्यामुळं गेले, सरांमुळं नाही. फोटो मात्र मी ठेवला.

तिसऱ्या दिवशी सर नांदेडला आले. मुलीबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. टेबलावर मराठीत टाइप केलेला एक कागद ठेवला. संमतीपत्र. लेसरनं कातडी भाजू शकते, फोड येऊ शकतात, काळे किंवा पांढरे डाग राहू शकतात, क्वचित केस वाढूही शकतात, हे मला आधी समजावून सांगितलेलं आहे, वगैरे. खाली तारीख त्या बैठकीच्या दिवसाची. मी एवढे महिने काम करत होते, आणि ह्यातलं निम्मं मी त्या कागदावर पहिल्यांदा वाचलं. सर म्हणाले, तू जा, तुझं बोलणं गोड आहे, चहा घे, सही घेऊन ये.

मी गेले. भोकरवरून हिमायतनगरला जाणारी एसटी धरली आणि पर्समध्ये तो कागद घेऊन बसले. नवऱ्याला सांगितलं, पेशंटला भेटायला चाललेय. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

त्यांच्या घरी मांडव घालायला बांबू येऊन पडले होते. मुलगी आतल्या खोलीत ओढणीनं तोंड झाकून बसली होती. तिनं ती बाजूला केली. फोड बसले होते, त्यांच्या जागी तपकिरी खपल्या, आणि हनुवटीजवळच्या दोन चौकोनांतून पिवळा पू येत होता. कोरफडीचा चिकट गर त्यावर वाळून पापुद्रे धरले होते. त्याच्यावर माशी बसायची, मुलगी ती हातानं उडवायची. आई आत-बाहेर करत होती. मला शिव्या मिळतील अशी माझी तयारी होती. तिनं माझ्यापुढं मुरमुऱ्यांचा सुशिला आणला, लिंबू पिळून, आणि म्हणाली, “एवढ्या लांबून आल्या बाई तुम्ही. दुसरं कोन येतंय?”

मी बशी बाजूला ठेवली. मी पर्समधून कागद काढला. काय बोलायचं ते बसमध्ये घोकलेलं होतं, नुसती फॉर्मॅलिटी आहे, पुढच्या उपचाराला लागतं. आईनं पेन मागितला, कुठं करू म्हणाली. ती वाचणार नव्हती. माझ्यावर विश्वास ठेवून ती सही करणार होती, आणि मी करू देणार होते. खोटं कशाला सांगू, मी पेन पुढं केला होता.

मुलीनं कागद मधेच घेतला आणि वाचायला लागली. सावकाश, परीक्षेत प्रश्नपत्रिका वाचतात तशी. शेवटच्या ओळीपर्यंत गेली, तारखेवर थांबली आणि माझ्याकडं बघितलं.

“ताई, हे तुम्ही मला त्या दिवशी सांगितलं होतं का?”

“नाही,” मी म्हटलं.

“तुम्हाला माहीत होतं?”

“सगळं नव्हतं. थोडं होतं.”

तिनं आईच्या हातातला पेन घेतला, छापलेल्या तारखेवर एक रेघ मारली, बाजूला त्या दिवसाची तारीख घातली आणि खाली लिहिलं, ‘हे मला आज, चेहरा भाजल्यानंतर दाखवलं.’ मग सही केली, मोबाइलवर कागदाचा फोटो काढला आणि कागद घडी घालून मला परत दिला.  माझं तोंड वर होईना.

मग मी पहिलं शहाणपणाचं काम केलं. म्हटलं, उद्या सकाळी नांदेडला सरकारी दवाखान्यात या, कातडीच्या डॉक्टरकडं, मी दारात उभी असते. आई म्हणाली, तुमच्या सरांकडंच दाखवू की. मी सांगितलं, आमचे सर कातडीचे डॉक्टर नाहीत. हे वाक्य मी तोवर स्वतःशीही कधी उच्चारलं नव्हतं.

दवाखान्यातल्या मॅडम माझ्याच वयाच्या असतील. बाहेर शंभर माणसं, खरूज, गजकर्ण, कोड. त्यांनी मुलीला उजेडात बसवलं आणि हातमोजे घालून जबडा बघितला, पण हनुवटी बोटांत धरून फिरवली नाही. मग विचारलं, मशीन कुणी चालवलं? मी म्हटलं, मी. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. पुढं एकेक प्रश्न. कानामागं आधी लेसरचे दोन ठिपके मारून, काही दिवस थांबून बघितलं होतं का? रापलेल्या तोंडावर करायचं नसतं, महिनाभर ऊन टाळायला सांगितलं होतं का? कुठली ट्यूब लावते ते विचारलं का? पाळीचं विचारलं का? प्रत्येकाला माझं उत्तर एकच होतं, नाही.

त्या रागावल्या, पण आवाज चढवला नाही. समजावून सांगितलं, आम्हा तिघींना. लेसर वाईट नसतं. तो उजेड काळा रंग शोधत जातो. केसाच्या मुळात काळा रंग असतो तसा आपल्या कातडीतही असतो. कातडी सावळी, वरून रापलेली, तर केसाआधी कातडीच तो उजेड पिते आणि भाजते. म्हणून आपल्याकडच्या लोकांना वेगळं मशीन, नाहीतर कमी ताकद आणि चांगलं गार केलेलं तोंड लागतं. त्या गोरं करायच्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, त्यानं कातडी आधीच कागदासारखी झालेली. आणि हे केस आतून, हार्मोनमुळं येतायत. त्याचा इलाज आधी, लेसर नंतर. मग त्यांनी मुलीला औषधं लिहून दिली, ट्यूब बंद करायची कशी ते सांगितलं, रक्ताच्या तपासण्या दिल्या. लग्नात जबड्यावर मेकअपचा एक थेंब लावायचा नाही, म्हणाल्या. आई पुटपुटली, लोक काय म्हणतील. मॅडम म्हणाल्या, म्हणू द्या.

मी तिथून सरळ क्लिनिकवर गेले. सरांनी कागद उघडला, मुलीनं लिहिलेली ओळ वाचली, आणि शांतपणे कागदाचे चार तुकडे केले. म्हणाले, “एक सही तुला आणता आली नाही?”

एवढं बोलून त्यांनी बाटलीतलं सॅनिटायझर हातावर घेतलं, दोन्ही हात चोळले आणि पुढच्या पेशंटला आत बोलवायला सांगितलं. लग्न तोंडावर आलेल्या पोरीचा जबडा भाजलाय, आणि हा माणूस हात चोळतोय. मला त्यांची किळस आली हे खरं, पण त्याहून जास्त आली ती ह्याची, की सवयीनं मी दाराकडं वळले होते, पुढचं नाव पुकारायला. मी पुकारलं नाही. अॅप्रन काढून खुर्चीवर टाकला आणि जिना उतरले.

लग्न ठरल्या तारखेला झालं. मला आमंत्रण होतं, मी गेले नाही. नंतर कळलं, मुलाच्या आईनं मांडवातच जाड पावडर थापायचा आग्रह धरला होता, आणि मुलीनं तिचा हात धरून नाही म्हटलं. नवरा मुलगा तिच्या बाजूनं उभा राहिला की नुसता गप्प बसला, ते मला माहीत नाही. फोटोवाल्यानं अल्बममधले डाग मात्र एकूण एक पुसून टाकले.

मुलीच्या भावानं महापालिकेच्या आरोग्य विभागात तक्रार दिली. मला जबाब द्यायला बोलावलं. माझा नवरा म्हणाला, तुझंच नाव पुढं येईल, मशीन तूच चालवलंय. बरोबरच होतं. मी जबाब दिला, फोटोही दिला, आणि ‘भाजून राहिलंय’ असं ती म्हणाल्यावरही मी थांबले नाही, हेही लिहिलं. तिथला क्लार्क म्हणाला, बाई, एवढं लिहायची गरज न्हाई. क्लिनिक काही आठवडे बंद राहिलं. मग त्याच काचेच्या दारावर नवी पाटी लागली, दुसऱ्या कुणाच्या नावाची. मशीन लातूरला हलवलं असं ऐकलं. कुणीतरी पोरगी चार दिवस शिकून तिथं बटण दाबत असेल.

नवऱ्याची बदली झाली आणि आता आम्हीही लातूरलाच असतो. माझं एका खोलीचं पार्लर आहे, दोरा, मेण, मेंदी. मुली लेसरचं विचारतात. मी त्यांना भिववत नाही. कातडीच्या डॉक्टरकडं जा, डिग्री विचारा, आधी ठिपका मारून बघायला सांगा, मशीन कोण धरणार ते विचारा, आणि भाजलं तर उठून उभ्या राहा, एवढं सांगते. काही जणी ऐकतात. काही जणी म्हणतात, तुमचं गिऱ्हाईक जाईल म्हणून सांगता.

परवा, म्हणजे वर्ष-दीड वर्षानं, त्या मुलीचा फोन आला. नंबर तिनं ठेवला होता ह्याचंच मला आश्चर्य. म्हणाली, बाकीचे डाग गेले, हनुवटीजवळचे दोन चौकोन अजून आहेत, थोडे खोलगट. गोळ्या चालू आहेत, पाळी बरी येते. बीएस्सी पुरं झालं. केस आले परत, आधीपेक्षा कमी, डागांच्या आजूबाजूनं. मी माफी मागितली. ह्याआधी दवाखान्यात मागितली होती, तेव्हा ती तिला ऐकू गेली नव्हती की तिनं ऐकून घेतली नव्हती, ते मला कळलं नाही.  

मग तिनं विचारलं, “तुम्ही दोऱ्यानं काढता का, हनुवटीचे?”

मी म्हटलं, काढते. बाकीचे काढीन, पण त्या दोन चौकोनांवर दोरा फिरवणार नाही.

“बघते मग,” ती म्हणाली, “लातूरला येणं झालं तर.”

अजून आलेली नाही.